नाकातला स्प्रे नुसता पुसून भागत नाही

संपादक महाशय,

घोडबंदर रोडच्या धुळीने अर्धं ठाणे खोकतंय, त्यामुळे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे बसायला जागा मिळत नाही. यजमानांना घेऊन मी नुकतीच नौपाड्यातल्या एका दवाखान्यात गेले होते. नाकात दुर्बीण घालण्याआधी तिथल्या मुलीने भूल देणारा स्प्रे मारला. काचेची बाटली, वर धातूची लांब नळी, मागे रबरी फुगा. मारून झाल्यावर टोकावरून स्पिरिटचा बोळा फिरवला आणि बाटली पुढच्या पेशंटसाठी तयार! दुर्बीण मात्र रीतसर धुऊन औषधात बुडवली. ती महागाची, तिची बडदास्त ठेवणारच.

माझी सगळी नोकरी सीएसएसडीत, म्हणजे रुग्णालयातली अवजारं निर्जंतुक करण्याच्या विभागात झाली. त्यामुळे नजर आधी तिथेच जाते. बोळा पुसतो तो नळीची बाहेरची बाजू. फुगा दाबला की औषध बाहेर उडतं, हे सगळ्यांना दिसतं. पण फुगा सोडल्यावर तो परत फुगताना टोकावरची ओल आत ओढली जाऊ शकते, हे दिसत नाही. नळीचं टोक नाकातल्या ओल्या त्वचेला लागलेलं असतं. म्हणजे पहिल्या पेशंटचा शेंबूड नळीत आणि तिथून बाटलीतही जायचा धोका. शिवाय औषध वाळून भोक बुजतं, ते सुईने टोचून मोकळं करतात. आतला थर तसाच राहतो, आणि थराखालच्या जंतूंपर्यंत कुठलंच जंतुनाशक नीट पोचत नाही.

म्हणून आधी धुणं. नळी सुटी करायची, साबणाच्या पाण्यात टाकून सिरिंजने आतून पाणी मारायचं, दुसऱ्या टोकाने स्वच्छ धार येईपर्यंत. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र : १२१ अंशांवर १५ ते २० मिनिटं. ज्या नळीला वाफ चालत नाही, ती ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या २ टक्के द्रावणात पूर्ण बुडवून निदान २० मिनिटं, आणि नंतर निर्जंतुक पाण्याने खळखळून धुवायची, नाहीतर तेच औषध पेशंटचं नाक जाळेल. जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कवचात दडून राहणारं त्यांचं चिवट रूप, मारायचे तर याच द्रावणात १० तास लागतात. स्पिरिटने बीजाणू मरतच नाहीत.

‘एवढ्या गर्दीत हे कसं जमायचं?’ असं विचारतील. नळ्या जास्त ठेवा. एका पेशंटला एक, वापरलेली लगेच साबणाच्या पाण्यात, संध्याकाळी सगळ्या एकदम ऑटोक्लेव्हला. छोटा ऑटोक्लेव्ह दाताच्या डॉक्टरांकडेही असतो. बाटलीत मात्र कालच्या औषधावर आजचं ओतू नये.

हे तपासणार कोण, हाही प्रश्न आहेच. १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा खाटा असलेल्या ठिकाणांसाठी. नुसत्या ओपीडीच्या दवाखान्यांना तो लागू नाही आणि दवाखान्यांच्या नोंदणीचा केंद्राचा २०१० चा कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. तेव्हा निदान डॉक्टरांच्या संघटनेच्या ठाणे शाखेने सभासदांना एक पानी सूचना पाठवावी. ती मराठीत असावी, चित्रांसकट, आणि बेसिनच्या वर चिकटवावी. नळी डॉक्टर धूत नाहीत. धुते ती बारावी झालेली, पाहून पाहून शिकलेली मुलगी.

– एक निवृत्त सिस्टर, कोपरी, ठाणे (पूर्व)