दोस्ताचं नाव आणि वॉचमनकाकांचा पगार

सोन्या,

हॉस्टेलच्या गेटचा बॅरियर रूममेटने तोडला हे रेक्टरना का सांगत नाहीस विचारलं, तर काल फोनवर "आई, दोस्ताचं नाव घ्यायचं नसतं, गाण्यांत पण तेच सांगतात" म्हणालास आणि ठेवून दिलास, म्हणून लिहितेय. तू पाठवलेली ती सगळी स्पॅनिश रॅप मी ऐकली हं, सबटायटल लावून, पोळ्या लाटता लाटता. गल्ली, पोलीस, मेलेले मित्र आणि आपल्या माणसाशी दगा नाही. त्या व्हेनेझुएलाच्या रॅपरचा, कान्सेरबेरोचा आवाज तर अंगावर येतो.

पण त्याचंच बघ ना. २०१५ मध्ये तो गेला तेव्हा सांगितलं गेलं की मित्राला मारून त्याने स्वतः उडी मारली, आणि २०२३ च्या डिसेंबरात व्हेनेझुएलाच्या सरकारी वकिलांनी जाहीर केलं की दोघांचाही खूनच झालेला. इतकी वर्षं खुनाचा डाग कुणाच्या माथी?

आणि ते कोलंबियातल्या मेडेलिन शहरातली ती कोमुना १३ वस्ती म्हणतोस ना, मी वाचलं त्याच्याबद्दल. डोंगरउतारावर घराला घर चिकटलेलं, ऑक्टोबर २००२ मध्ये बंडखोरांना हुसकवायला ऑपरेशन ओरिओन झालं, लष्कर, पोलीस, वर हेलिकॉप्टर, आणि बंडखोर गेले तर त्यांच्या जागी पॅरामिलिटरी, म्हणजे खाजगी सशस्त्र टोळ्या येऊन बसल्या, पोरं उचलून नेली ती घरी आलीच नाहीत. पुढे तर गँगांच्या न दिसणाऱ्या हद्दी, चुकीची गल्ली ओलांडली की गोळी. तिथे माणूस गप्प बसतो ते जीव वाचवायला, आणि तक्रार न्यायची तरी कुणाकडे?

तरी तिथले रॅपर गप्प बसले नाहीत रे, हे कसं दिसत नाही तुला! कोलाचो २००९ मध्ये मारला गेला, तर मित्रांनी त्याच्या नावाने कासा कोलाचो काढलं, पोरांना रॅप नि ग्राफिटी शिकवतात. आणि तिथल्या आया, त्या तर वर्षानुवर्षं ओरडत होत्या की ला एस्कोम्ब्रेरा नावाच्या डंपिंगच्या जागी राडारोड्याखाली आमची माणसं पुरलीत, उकरा. डिसेंबर २०२४ मध्ये पहिले अवशेष सापडले. बावीस वर्षांनी. हे वाचून मी गॅस बंद करून बसले थोडा वेळ.

आता तुमचं बघ. रूममेटने रात्री बाइक गेटवर घातली, बॅरियर तुटला आणि पैसे कापणार वॉचमनकाकांच्या पगारातून, कारण ड्युटीवर ते होते. तुला कोण गोळी घालणारे? रेक्टर ओरडतील, घरी फोन येईल, बास. दोस्ती तुमची आणि भुर्दंड त्यांना, हे कुठल्या गाण्यात आहे ते मला पाठव.

चुगली कर म्हणत नाहीये मी. आधी त्यालाच सांग, शनिवारपर्यंत तू स्वतः जा, मी सोबत येतो. नाहीच गेला तर तू जा. बॅरियरचे पैसे दोघांत वाटून घ्यायचे असतील तर तुझा वाटा मी आत्ता पाठवते, पण पुढच्या महिन्यापासून पॉकेटमनीतून वळता करणार, आधीच सांगून ठेवते.

आई