सीपीआर प्रशिक्षण : येत्या रविवारी, क्लब हाऊसमध्ये

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत प्रौढ आणि मुलांसाठीच्या सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन करायच्या प्रथमोपचाराचं) प्रशिक्षण आहे. प्रत्येक फ्लॅटमधून किमान एकाने यायचंच आहे. वॉचमनकाका आणि घरकामाला येणाऱ्या मावशींनाही आवर्जून सांगा. दुपारी कितीतरी घरांत मुलांजवळ त्याच असतात.

• मोठ्यांसाठी : छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ ते ६ सेंमी खोल. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. घाईत नेमकं हेच राहतं, म्हणून पुतळ्यावर प्रत्येकाकडून करून घेणार आहोत.
• मुलांसाठी : खोली छातीच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांश. मुलांचं हृदय बहुधा श्वास कोंडल्यामुळे बंद पडतं, त्यामुळे तोंडाने श्वास देणं टाळू नका. एकटे असाल तर ३० दाब, मग २ श्वास.

जमिनीवर गुडघे टेकून बसावं लागेल, सैल कपडे घाला. गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांनीही जरूर या. १०८ला फोन लावणं, लिफ्ट खाली धरून ठेवणं, गेटवरून रुग्णवाहिकेला वाट दाखवणं ही कामं कुणीतरी करावीच लागतात.

नावं शुक्रवारपर्यंत सोसायटीच्या ऑफिसात द्या. शुल्क नाही.

– सचिव