सूचना : जॅक लावून गाडीखाली जाण्याआधी

सभासदांनो, घरच्या घरी ऑइल बदलणं, ब्रेक बघणं जरूर करा, पण जड गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवायला नाही. उचललेली गाडी धरून ठेवायला जॅक स्टँड, म्हणजे खाली लावायचे लोखंडी टेकू, लागतात. हायड्रॉलिक जॅकचं सील गळायला लागलं की गाडी हळूहळू बसते, आणि फुटलं तर एकदम.

जागा सपाट आणि कडक हवी. उन्हात डांबर मऊ पडतं, जॅकचा पाया त्यात रुततो. खाली जाड प्लायवूड टाका. गिअर घाला, हँडब्रेक ओढा. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणजे मागची बाजू उचलली की तो निरुपयोगी. तेव्हा पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर हवीच. चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा.

जॅक कुठे लावायचा ते गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. पत्र्याखाली किंवा ऑइल चेंबरखाली लावू नका. स्टँडवर किती टनांचा ते छापलेलं असतं, तेही वाचा. गाडी स्टँडवर टेकली की खाली जाण्याआधी बाजूने जोरात ढकलून बघा. मी दरवेळी ढकलतो, घरचे हसतात. हसू देत.

विटा मात्र अजिबात नकोत. वीट किंवा सिमेंटचा ब्लॉक वाकत नाही, थेट फुटतो. स्टँड असतोच, पण जादा आधार म्हणून काढलेलं चाकही चॅसिसखाली आडवं सारून ठेवा. एकटे असाल तर कुणाला तरी सांगून मगच खाली जा.