मॉडेल रेल्वेचा करंट मोजताना

संपादक महोदय,

डिजिटल (डीसीसी, म्हणजे रुळांतून वीज आणि इंजिनांचे आदेश एकत्रच पाठवणाऱ्या) मॉडेल रेल्वेचा करंट साध्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर मोजून त्या आकड्यावर बूस्टर (रुळांना वीज पुरवणारे उपकरण) निवडू नये, ही छंदप्रेमींना कळकळीची विनंती. रुळांत 50 हर्ट्झची साइन लाट नसते. असते ती चौकोनी लाट. आदेशातल्या ‘एक’ बिटचा अर्धा भाग 58 मायक्रोसेकंद, ‘शून्य’चा साधारण 100, म्हणजे 5 ते 8.6 किलोहर्ट्झ. साधे मीटर इतक्या वेगासाठी बनलेलेच नसते.

खात्रीचा उपाय ब्रिज रेक्टिफायरचा, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या चार डायोडच्या जोडणीचा. बूस्टर 5 अँपियरचा असेल तर ब्रिज 10 अँपियरचा घ्यावा. रुळांकडे जाणाऱ्या दोन वायरींपैकी एकच तोडून तिची टोके ब्रिजच्या एसी पायांना जोडावीत आणि मीटर 10 अँपियर डीसीवर ठेवून अधिक-उणे पायांमध्ये लावावे. मीटर दोन्ही रुळांवर आडवे लावलेत तर थेट शॉर्टसर्किट! ब्रिजमध्ये सुमारे 1.4 व्होल्ट खर्च होतात. 3 अँपियरला चार वॉटहून जास्त उष्णता होते, म्हणून तो धातूच्या पट्टीवर बसवावा.

इंजिन उभे, धावते आणि भाराने चाके घसरती अशा तिन्ही स्थितींत नोंद घ्यावी. खरी गरज शेवटचा आकडाच सांगतो. आवाजाचे डिकोडर (इंजिनातले आदेश वाचून आवाज काढणारे सर्किट) सुरू होताना त्यांतले कपॅसिटर भरतात. तो क्षणिक झटका मीटरला दिसत नाही, पण बूस्टर मात्र त्यानेच ट्रिप होतो.

आपला,
एक वाचक