मिलिंद, ताट रिकामं ठेवू नकोस

दादर, मुंबई
कोजागिरीचा दुसरा दिवस

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

काल वहिनींचा फोन आला. तू रात्रीचं जेवण बंद केलंयस, सकाळी नुसता दुधीचा रस घेतोस आणि परवा डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर तुला चक्कर आली, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून तुझाच विचार मनात आहे. फोनवर तू ‘बघू, बघू’ म्हणून विषय बदलशील, म्हणून हे पत्र.

पहिलं काम म्हणजे डॉक्टरांना चक्कर आल्याचं सांग. तुझी बीपीची गोळी चालू आहे, आणि खाणं असं एकदम तोडलं की रक्तदाब खाली येऊ शकतो. आणि दुधीचा रस कधी कडू लागला, तर एक घोटही घेऊ नकोस. कडू दुधीने विषबाधा होते, माणसं दवाखान्यात भरती झालेली आहेत.

तुझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) ६.१ टक्के आली म्हणून तू घाबरलास, ते मला कळतं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. पण तिथून मागे फिरता येतं, मिलिंद. २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात अशाच लोकांना वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं. तुझं वजन ८४, म्हणजे सहा किलोच्या आसपास. आठवड्याला अर्धा किलो धरला तरी तीन महिन्यांचं काम. त्यासाठी उपाशी कशाला राहायचं?

उपाशी राहून वजन झपाट्याने उतरतं, पण त्यात चरबीबरोबर स्नायूही झडतात. आणि जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलण्याचं मोठं काम स्नायूच करतात. म्हणजे काटा खाली गेला म्हणून तू खूश होणार आणि साखरेला आवर घालणारे स्नायूच अंगातून कमी होणार. शिवाय शरीराचा रोजचा ऊर्जेचा खर्चही घटतो, मग पुन्हा नेहमीसारखं जेवायला लागलास की गेलेलं वजन परत येतं. म्हणून काट्याइतकंच कमरेच्या टेपकडे बघ. आपल्याकडच्या पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत हवी.

आता तुझ्या डब्याचं बोलू. तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात, पातळ आमटी आणि संध्याकाळी गाडी पकडण्याआधी वडापाव. यात पिठूळ, म्हणजे कर्बोदकं, जास्त आणि प्रथिनं फार थोडी. उंचीला साजेसं वजन धरलं तरी तुला दिवसाला ५५-६० ग्रॅम प्रथिनं हवीत. दाट वरणाच्या वाटीतून सहा-सात ग्रॅम मिळतात, एका अंड्यातून सहा, शंभर ग्रॅम बांगड्यातून वीसच्या आसपास. म्हणून पोळ्या दोन कर आणि मटकीची किंवा चवळीची उसळ वाटीभर घे, सोबत काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि दही. भात सोडू नकोस, मूठभर घे. साडेपाचला भूक लागते तेव्हा पिशवीत चणे-फुटाणे असू देत. गुरुवारच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी खातोस, ती जवळजवळ सगळी पिठूळच. त्यापेक्षा दही, ताक, फळं आणि दाणे बरे. रात्री आठच्या सुमारास हलकं, पण नीट जेव. दिवाळीत फराळालाही नाही म्हणू नकोस, फक्त डबा समोर घेऊन बसू नकोस.

‘व्यायामाला वेळ कुठाय’ हे तुझं म्हणणं खोटं नाही. कर्जत-कसारा लाइनवर दोन्ही वेळेला लोंबकळून येणाऱ्या माणसाला जिमची फी भर म्हणणं क्रूरपणा आहे. पण सीएसएमटीला उतरलास की फोर्टपर्यंत शेअर टॅक्सी नको, भरभर चाल. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा वेग पुरे. रात्री जेवल्यावर सोसायटीत दहा-पंधरा मिनिटं फेऱ्या मार, जेवणानंतरची साखर त्यानेही कमी चढते. नुसत्या चालण्याने मात्र स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून दोनदा तरी खुर्चीवरून हात न टेकता उठबस कर, भिंतीला हात लावून दंड घाल, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचल. चक्कर आलीय, तेव्हा हे डॉक्टरांना विचारूनच सुरू कर.

आणि झोप, बाबा. रात्री साडेबारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचचा गजर, अशाने दुसऱ्या दिवशी भूक वाढतेच.

रविवारी सकाळी सातपर्यंत शिवाजी पार्कला ये. मेगाब्लॉक असेल तर आधी बघून निघ. कट्ट्याला धरून दोन फेऱ्या मारू आणि मग घरी चल. आई बांगड्याचं तिखलं करणार आहे आणि तू पोटभर जेवायचंस. वहिनींनाही आण, डब्याचं मला त्यांच्याशीही बोलायचंय. येताना रिपोर्टची फाइल विसरू नकोस.

तुझा,
संजय