ओढ्याकाठची वाट बिघडते पुलाखाली

महोदय,

शहरातल्या ओढ्याकाठी चालण्याची आणि सायकलची वाट करायची म्हटलं की चर्चा बाकं, दिवे आणि झाडांभोवती फिरते. वाट बिघडते मात्र पुलाखाली.

रहदारी ओलांडावी लागू नये म्हणून वाट पुलाखालून नेतात, त्यामुळे तो तिचा सर्वांत खोलगट भाग होतो. डांबर-काँक्रीटवरून वाहणारं पाणी जिरत नाही, थेट ओढ्यात उतरतं. त्यामुळे इथे थेंब पडला नसला तरी वरच्या अंगाला झालेल्या सरीने ओढा मिनिटांत चढतो. पाणी ओसरतं, बारीक गाळ मागे राहतो. तो ओला असताना साबणासारखा निसरडा असतो. त्यावर वळताना पुढचा ब्रेक दाबला की चाक घसरलंच. म्हणून पाणी उतरल्याबरोबर, गाळ ओला आहे तोवरच फावड्याने ओढून काढावा, मग वाट धुवावी. वाळल्यावर तो खरवडावा लागतो. काढलेला गाळ पुन्हा ओढ्यात लोटणं म्हणजे पुढच्या पुलाखाली पाठवणं. वाट बंद असल्याची पाटी आणि फाटक उतार सुरू होण्याआधी हवं, वरून जायचा रस्ता दाखवणाऱ्या बाणासह. खाली पोचल्यावर दिसणारी पाटी कोणाच्या उपयोगाची?

पुलाच्या तोंडाशी वळण असतंच. ताशी २० किलोमीटरने येणारी सायकल सेकंदाला साडेपाच मीटर कापते. माणूस दिसून ब्रेक दाबेपर्यंत दोन सेकंद गेले तर ११ मीटर, थांबायला कोरड्या वाटेवर आणखी ५-६. तेव्हा किमान २० मीटर पुढचं दिसावं. झुडपं छाटता येतात, पुलाची भिंत नाही. तिथे मधली रेघ आखून वेगच कमी करायला लावावा. घंटीही लांबूनच वाजवावी. पाठीशी येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका चाकासमोर सरकतो.

रुंदी किमान ३ मीटर आणि दोन्ही कडांना अर्धा मीटर मोकळं. कठडा कडेला चिकटून बसवला, तर ३ मीटर कागदावरच राहतात. आडवा उतार २ टक्के, म्हणजे ३ मीटरला ६ सेंटीमीटर. नाहीतर पाणी साचून शेवाळ धरतं. लाकडी पुलाच्या फळ्या आणि जाळ्यांच्या फटी वाटेला आडव्याच असाव्यात, उभ्या फटीत सायकलचं चाक अडकतं.

मोटारसायकली रोखायला मधोमध खांब रोवतात, त्याचा फारसा उपयोग नाही. चाकाच्या खुर्चीला जागा देणाऱ्या फटीतून मोटारसायकलही जाते, आणि अंधारात खांबावर आदळतो तो सायकलवाला.

– एक नियमित सायकलस्वार