लघुपटाची कुळकथा सांगणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ आपल्या सांगलीत रंगवलं, हे इथली शाळकरी पोरंही सांगतात. लघुपटालाही अशी कुळकथा आहे, हे आम्हाला तुमच्या विश्रामबागच्या घरी, भिंतीवर ताणलेल्या चादरीसमोर बसून कळलं. आम्हा सगळ्यांतर्फे तुमचे मनापासून आभार.

“मोठा पिक्चर कधी काढणार?” असं आम्हा लघुपट करणाऱ्यांना जो तो विचारायचा. तुम्ही त्यावर फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचा इतिहासच उलगडलात. १९५५ साली कान महोत्सवात पाम दोर हा सर्वोच्च पुरस्कार सुरू झाला, त्याच वर्षी लघुपटाचाही पाम दोर दिला गेला. तो मिळाला नॉर्मन मॅक्लारेन यांच्या ‘ब्लिंकिटी ब्लँक’ला. त्यात कॅमेराच नाही! काळ्या फिल्मवर थेट ओरखडे काढून केलेला तो लघुपट. तो पाहिल्यापासून आमच्यात कुणी कॅमेरा नसल्याचं रडगाणं गायलं नाही.

१९५६ चा मान आल्बेर लामोरीस यांच्या ‘द रेड बलून’ला. त्याच वर्षी कानमध्ये ‘पथेर पांचाली’चाही गौरव झाला होता, म्हणून तुम्ही दोन्ही लागोपाठ दाखवलेत. ‘रेड बलून’ चांगला अर्ध्या तासाहून मोठा. आज कानच्या लघुपट स्पर्धेत १५ मिनिटांची मर्यादा आहे, म्हणजे तो तिथे बसलाच नसता. मला अजून याचं वाईट वाटतं.

दिग्दर्शिका जेन कॅम्पियन यांचा ‘पील’ विद्यार्थिदशेतला, जेमतेम नऊ मिनिटांचा. त्याला १९८६ मध्ये लघुपटाचा पाम दोर मिळाला आणि १९९३ मध्ये त्यांच्याच ‘द पियानो’ला मुख्य पाम दोर. पण ‘पील’ ही पहिली पायरी नव्हे, ती पुरी कलाकृती आहे, हे तुम्ही ठासून सांगितलंत. २०२४ मध्ये पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेच्या चिदानंद नाईक यांना कानमध्ये पहिलं बक्षीस मिळालं, तेव्हा आम्ही नाचलो. ते ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागाचं, लघुपटाचा पाम दोर वेगळा, हा फरक तुम्ही समजावलात आणि मग स्वतः पेढे वाटलेत.

सर, आमच्या लघुपटाच्या एडिटिंगला तुम्ही रात्ररात्र जागलात. “हा शॉट काढला तर काय बिघडेल?” एवढंच विचारायचात, पण कात्री कायम आमच्याच हातात ठेवलीत. त्याचे आभार कसे मानावेत, कळत नाही.

काकूंना नमस्कार सांगा. त्यांच्या चहा-पोह्यांशिवाय आमच्यातलं कुणी पहाटेपर्यंत टिकलं नसतं.

तुमची विद्यार्थिनी